रोज कामावर जायला महागडी सायकल घ्यावी का?

सकाळची_फेरी

दोन वर्षं झाली, कामावर सायकलने जाते. एका बाजूने ९ किलोमीटर, म्हणजे रोजचे १८. वाटेत एक लांब चढ आहे, बाकी सपाट. शिवाय दीड किलोमीटरचा एक पट्टा असा, की डांबर कमी आणि खड्डे जास्त. सायकल अगदी साधी आहे. मागे ७ गिअर, पुढे एकच दातेरी चक्र, पुढच्या चाकाच्या चिमट्यात स्प्रिंगचे शॉकअप. घेतली तेव्हा "जमतंय का बघू" एवढाच विचार होता. जमलं, आणि आता सायकलशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

सध्या एक दुसरी सायकल मनात भरली आहे. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा चिमटा, डिस्क ब्रेक, माझ्या सायकलीपेक्षा ४ किलोंनी हलकी. किंमत पाचपट. घरी विषय काढला तर भाऊ म्हणाला, "शर्यतीत उतरणार आहेस का?" मला वाईट वाटलं, पण त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी डायरी लिहिते, त्यातला गेल्या महिन्याचा हिशोब सांगते. कामाचे २२ दिवस. १३ दिवस सायकलने गेले. उरलेल्या ९ पैकी २ दिवस आजारी, २ दिवस मुसळधार पाऊस, आणि ५ दिवस सायकल दुरुस्तीला. मागच्या चाकाचे स्पोक चार महिन्यांत तीनदा तुटले. चढावर उभं राहून पायडल मारलं की चेन कडकन घसरते. पावसात ब्रेक दाबला की आधी काहीच होत नाही आणि मग एकदम पकडतो.

महागडी घेतली तर हे थांबेल का? की फक्त सायकल देखणी होईल? जे रोज चालवतात त्यांनी मनापासून सांगा.

तेलकट_हात

ताई, नवी सायकल बाजूला ठेवा आणि आधी ते स्पोक बघू. तीनदा तुटले ते कुठून तुटले? हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या गोळ्याजवळ, जिथे स्पोक वाकतो तिथून, आणि बहुतेक चेनच्या बाजूचे असावेत.

लोकांना वाटतं स्पोक जास्त ताणला म्हणून तुटतो. बहुतेक वेळा उलटं असतं. चाक फिरताना जो स्पोक खाली जमिनीकडे येतो त्याचा ताण क्षणभर कमी होतो, वर गेला की पुन्हा वाढतो. तुमच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरा. १८ किलोमीटरमध्ये चाक साडेआठ हजार वेळा फिरतं. म्हणजे प्रत्येक स्पोक रोज साडेआठ हजार वेळा सैल होतो आणि ताणला जातो. मुळात नीट ताणलेला असेल तर हा फरक तो पचवतो. मुळातच सैल असेल तर वाकाशी हलत राहतो आणि एक दिवस तार थकून तुटते. स्वस्त सायकलींची चाकं मशीनवर भराभर विणलेली असतात, ताण कमी आणि तोही असमान. एक तुटला, एक घातला, आउट (चाकाचा वाकडेपणा) काढला आणि चाक परत दिलं, तर बाकीचे तेवढेच थकलेले राहतात. तिसरा तुटला की सगळं चाक नव्या स्पोकनी विणून घ्यायचं, आणि विणणाऱ्याला सांगायचं की ताण सगळीकडे सारखा हवा.

आता एक प्रश्न. तुमचा मागचा दात्यांचा संच फ्रीव्हील आहे की कॅसेट? फ्रीव्हील अख्खं हबवर आट्यांनी बसतं. त्यात उजवीकडचं बेअरिंग फ्रीव्हीलच्या पलीकडे, चाकाच्या मध्याकडे राहतं, आणि एक्सलचा (चाकाच्या दांड्याचा) बराच भाग आधाराशिवाय बाहेर येतो. खड्ड्यांत एक्सल वाकतो तो तिथेच. कॅसेट म्हणजे हबवर सरकवून बसवलेला नुसता दात्यांचा संच. तिच्या हबमध्ये बेअरिंग बाहेरच्या टोकाजवळ असतं, त्यामुळे एक्सलला आधार मिळतो. किंमत वाढते तेव्हा पैसे जिथे खरोखर कामी येतात अशा जागांपैकी ही एक आहे, आणि बघायला गेलं तर बाहेरून दिसतसुद्धा नाही.

आकडेमोड

४ किलोंचा विषय निघाला आहे तर हिशोब मांडतो. चालवणारा, सायकल आणि पिशवी मिळून ९५ किलो धरू.

सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना, ताठ बसलेल्या माणसाला हवा कापायला साधारण ६० वॉट लागतात. टायर रस्त्यावर लोळवायला, टायर कसा आहे त्यानुसार, ३० ते ५० वॉट. यात ४ किलो वजन कमी केलं तर फक्त टायरचा भार कमी होतो, आणि तोही फार तर २ वॉटच्या आसपास. पायाला कळणारसुद्धा नाही. चढावर वजनाचा हिशोब खरा लागू होतो, पण तिथेही ९५ मधले ४ म्हणजे ४ टक्के. दोन मिनिटांचा चढ पाच सेकंद आधी संपेल.

टायरचं मात्र वेगळं आहे. जाड, कडक रबराचा, अर्धवट हवेचा टायर आणि लवचीक, नीट हवा भरलेला टायर यांच्यात याच वेगाला २० वॉटपर्यंत फरक पडू शकतो. तेवढेच श्रम केले तर ९ किलोमीटरला दोन मिनिटं वाचतात. दोन चांगले टायर आणि हवेचा दाब दाखवणारा उभा पंप, एवढ्यात हे मिळतं. त्यासाठी सायकल बदलावी लागत नाही.

वेगाबद्दल एक गोष्ट. हवेला द्यावी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. २० वरून २५ वर गेलात तर हवेचा वाटा जवळपास दुप्पट होतो. त्यामुळे "महाग सायकल म्हणजे पंधरा मिनिटं आधी पोचणार" ही अपेक्षा ठेवू नका. वाटेतले सिग्नल तर सगळ्यांना सारखेच थांबवतात.

तिसरा_मजला

आकडे पटले. पण लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला ४ किलो विचारा. मी दिवसातून दोनदा सायकल खांद्यावर घेते. १७ किलोंची होती तेव्हा घरातून निघायचं जिवावर यायचं, संध्याकाळी थकून आल्यावर तर जास्तच. आता ११ किलोंची आहे. रस्त्यावर फरक कमी असेल, जिन्यात मात्र तो प्रत्येक पायरीला कळतो. ज्याची सायकल खालीच राहते त्याने वजनाला पैसे देऊ नयेत. माझ्यासारख्यांनी द्यावेत.

साधीसायकल

मी विरोधात लिहितो आहे, आणि त्यामागे स्वतःचं नुकसान आहे.

मी महाग सायकल घेतली होती. बरेच महिने पैसे साठवून. चालवायला सुंदर होती, खोटं बोलत नाही. पण तिला बाहेर लावून कुठे गेलो की जीव तिच्यात अडकलेला. दुकानात रांगेत उभा असलो तरी नजर दाराकडे. हळूहळू मी तिला फक्त तिथेच नेऊ लागलो जिथे ती डोळ्यांसमोर राहील, म्हणजे जवळजवळ कुठेच नाही. कामावर जायला पुन्हा जुनी सायकल काढली. आणि एका संध्याकाळी, अवघ्या वीस मिनिटांसाठी, पातळ तारेच्या कुलपावर विसंबून तिला बाहेर ठेवली आणि ती गेली. ती तार हातातल्या कटरनेही तुटते, हे मला नंतर कळलं.

दुसरी गोष्ट. तिला मडगार्ड बसवायला भोकं नव्हती. कॅरियरला जागा नव्हती. २५ मिलिमीटरचे टायर, त्याहून रुंद टायर फ्रेममध्ये मावतच नव्हता. पावसाच्या दिवसांत पाठीवर चिखलाची रेघ आणि पाठीवरच्या पिशवीने घामाघूम. पैसे मी मोजले, पण शर्यतीसाठी बनवलेल्या वस्तूला मोजले.

ताई, तुम्ही बघितलेल्या सायकलीला भोकं आहेत का ते आधी बघा.

मडगार्ड

साधीसायकल, तुमचं दुःख समजतं. पण यातून "महाग नको" असा निष्कर्ष काढू नका. दोन वेगवेगळ्या गोष्टींना आपण महाग म्हणतो आहोत. एक महाग वेगासाठी, दुसरी महाग रोजच्या वापरासाठी. पहिलीत पैसे ग्रॅम कमी करण्यात जातात. जागतिक संघटनेच्या शर्यतींत सायकल ६.८ किलोंपेक्षा हलकी चालत नाही, त्या आकड्याच्या आसपास पोचायला अफाट खर्च येतो आणि कामावर जाणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

दुसऱ्या प्रकारात पैसे त्रास कमी करण्यात जातात. माझ्या सायकलीला मागच्या हबच्या आतच ८ गिअर आहेत. बाहेर लटकणारं काही नाही, त्यामुळे गर्दीत सायकल आडवी झाली तरी काही वाकत नाही. सिग्नलला उभं असताना गिअर बदलता येतो, हे ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. आतल्या गिअरची कल्पना नवी नाही, स्टर्मी-आर्चरचे तीन गिअरचे हब विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचे. आजच्या शिमानो नेक्सस ८ मध्ये सगळ्यात जड गिअर सगळ्यात हलक्याच्या ३०७ टक्के, म्हणजे साधारण तिप्पट असतो, रोलॉफच्या १४ गिअरच्या हबमध्ये ५२६ टक्के. रोजच्या रस्त्याला ८ पुरतात.

पुढच्या हबमध्ये डायनॅमो आहे, ६ व्होल्ट ३ वॉटचा. जुन्या बाटलीसारख्या डायनॅमोगत टायरला घासत नाही, आवाज नाही. दिवा चार्ज करायचा राहिला म्हणून सायकल घरी ठेवली, असं आता होत नाही. टायरमध्ये पंक्चर रोखणारा रबराचा जाड थर आहे. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये तो ५ मिलिमीटरचा असतो. टायर जड होतो आणि थोडा सुस्तही, आकडेमोड यांना आवडणार नाही, पण काच टोचून सकाळी मीटिंग चुकण्यापेक्षा मला तो पत्करतो.

उणेही सांगतो. मागचं चाक काढायला नट खोलावे लागतात, गिअरची केबल सोडवावी लागते. वजन वाढतं. आणि आत बिघाड झालाच तर कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने कधी उघडलेला असेलच असं नाही.

आकडेमोड

मडगार्ड, आवडलं. वॉट वाचवायचे ते पोचण्यासाठीच. पोचलोच नाही तर वॉट काय कामाचे.

सकाळची_फेरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री टॉर्च घेऊन सायकलीपाशी बसले.

तेलकट_हात, फ्रीव्हीलच आहे. तुटलेले तिन्ही स्पोक चेनच्या बाजूचे, आणि तिन्ही हबजवळून तुटलेले. तुम्ही न बघता ओळखलंत. आता बोटाने दाबून बघितलं तर डाव्या बाजूचे काही स्पोक चक्क लुळे लागतात.

साधीसायकल, मनात भरलेल्या सायकलीचा फोटो मोठा करून बघितला. मडगार्डची भोकं मागे आहेत, पुढे कार्बनच्या चिमट्याला नाहीत. हे मी आजवर पाहिलंच नव्हतं.

अजून एक, जे पहिल्यांदा लिहायचं राहिलं. डाव्या मनगटाला मुंग्या येतात, विशेषतः परतताना. मला वाटायचं हलकी सायकल घेतली की हेही जाईल.

तेलकट_हात

मुंग्या सायकलीच्या वजनाने येत नाहीत, मापाने येतात. अंगाचा भार हातांवर पडतो आहे. सीटचं टोक खाली झुकलंय का? झुकलं असेल तर तुम्ही दिवसभर पुढे घसरता आणि हातांनी स्वतःला मागे ढकलता. आधी सीट आडवी करा. मग उंची. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली, पाय सरळ व्हायला हवा. मग पंजा पायडलवर आणला की गुडघ्यात हलकासा वाक राहतो. तेवढा पुरे. हँडल लांब वाटत असेल तर आखूड स्टेम (हँडलला सायकलीशी जोडणारा तुकडा) मिळतो, तो बदलायला फार वेळ लागत नाही.

हे सगळं करून मुंग्या थांबल्या नाहीत तर फ्रेमच तुमच्या मापाची नाही. मग नवी घ्यायला हे कारण पुरेसं आहे, मी आडवा येणार नाही. पण नवी घेतानाही चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका. पाच मिनिटं नाही, अर्धा तास. मुंग्या विसाव्या मिनिटाला येतात.

चेनसाठी फूटपट्टी घ्या. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य लावा. नवी चेन असेल तर १२ इंचांवर बरोबर आणखी एका पिनचा मध्य येतो. दीड मिलिमीटर पुढे गेला असेल तर चेन बदलायची वेळ. ३ मिलिमीटर गेला असेल तर फ्रीव्हीलचे दातेही त्या लांबलेल्या चेनच्या मापाने झिजलेत. मग नुसती चेन बदलून घसरणं थांबत नाही, दोन्ही बदलावे लागतात. तुमची चेन उभं राहिल्यावर घसरते म्हणजे मला दुसरी शक्यता वाटते.

भिजलेला_कागद

सगळे स्पोक आणि वॉट बोलताहेत. ब्रेककडे कोणीच बघत नाही, आणि ताईंनी जे लिहिलंय त्यातलं मला सगळ्यात भीतीदायक तेच वाटलं. "आधी काहीच होत नाही."

ताई, एक चुंबक घ्या आणि रिमला, म्हणजे चाकाच्या कड्याला लावा. चिकटला तर रिम लोखंडी आहे. चकचकीत लोखंडी रिम ओली झाली की रबराचे ब्रेक तिच्यावर घसरतात, ब्रेक कितीही चांगले असोत. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवरही पहिला क्षण पाणी पुसण्यात जातो, पण मग पकड येते. डिस्कची चकती रस्त्यापासून वर असते, पाणी आणि चिखल कमी लागतो, आणि पकड पहिल्यापासून जवळपास सारखी.

मी पावसात लोखंडी रिमवर उतारावरून येत होते. समोर एक मूल चेंडूमागे आलं. दोन्ही ब्रेक पूर्ण दाबले, सायकल चालतच राहिली. मी मुद्दाम बाजूला अंग टाकलं. मुलाला काही झालं नाही, माझं कॉलरबोन मोडलं. दीड महिना हात गळ्यात होता. त्या उतारावर ते मूल अजून खेळतं, आणि तिथून जाताना मी आजही हळू होते.

चांगल्या ब्रेकसाठी जास्त पैसे द्यावेत, यावर माझ्याशी कोणी वाद घालू नये. मिळाले तर तेलाचे, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक घ्या. त्यांना एका बोटाची ताकद पुरते, आणि केबलमध्ये पाणी शिरून जड होण्याचा प्रश्न नाही.

मडगार्ड

भिजलेला_कागद यांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. एकच भर, डिस्कच्या चकतीला चेनचं तेल लागू देऊ नका. स्प्रेने तेल मारणाऱ्यांकडून हमखास लागतं, आणि मग ब्रेक किंचाळतात पण थांबवत नाहीत.

उताराची_सावली

मी थोडं वेगळं बोलतो. सगळं त्रास, दुरुस्ती, सुरक्षितता यावरच चाललंय. आनंदाचं काय?

मी बावीस वर्षं सायकल चालवतो आहे. मधली आठ वर्षं जड सायकल होती, कर्तव्य म्हणून चालवायचो. चांगली स्टीलची फ्रेम आणि हाताने विणलेली चाकं घेतली, आणि सकाळी वाट वाकडी करून जायला लागलो. ९ किलोमीटरचे १३ करतो. गिअर टाकला की आवाज न करता बसतो, वळणावर सायकल पायाखालून निसटत नाही. याचा वॉटमध्ये हिशोब नाही. ताईंना ती सायकल बघून काहीतरी झालं, ते "देखणी" म्हणून झटकून टाकू नये. आवडती सायकल माणूस जास्त चालवतो.

साधीसायकल

उताराची_सावली, आवडती असायला हवी हे खरं. पण मला जी आवडली तिचीच मला भीती वाटायची, हेही खरं आहे. कुलूप, दिवे, मडगार्ड हे सायकलीच्या किमतीतच धरा. सगळे पैसे सायकलीवर संपवून कुलपापाशी हात आखडता घेतला, तीच माझी चूक.

आकडेमोड

दिवसाला १८, वर्षात २२० दिवस धरले तर ३,९६० किलोमीटर. पाच वर्षांत जवळपास २०,००० किलोमीटर. पाचपट किमतीला यानं भागा, मग प्रत्येक किलोमीटरमागे येणारी रक्कम इतर कुठल्याही वाहनाच्या इंधनाशी तुलना करून बघा. पण तोच भागाकार वर्षात १३० दिवसांवर आला तर पाच वर्षांत ११,७०० किलोमीटरच उरतात. तेव्हा सायकल किती दिवस दुरुस्तीला जाते, हा आकडा माझ्या मते किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. ताईंच्या डायरीतले ते ५ दिवस मी विसरू शकत नाही.

सकाळची_फेरी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

चुंबक चिकटला. दोन्ही रिमना.

मागचं चाक नव्याने विणून घेतलं, अ‍ॅल्युमिनियमची रिम घालून. पुढचीही बदलली. फूटपट्टीवर चेन ३ मिलिमीटरच्याही पुढे गेली होती, त्यामुळे चेन आणि फ्रीव्हील दोन्ही नवे. टायर ३५ मिलिमीटरचे, पंक्चर थर असलेले. सीटचं टोक खरंच झुकलेलं होतं. या सगळ्याला नव्या सायकलीच्या किमतीचा पाचवा हिस्साही लागला नाही.

कामाचे १५ दिवस झाले, १४ दिवस सायकलने गेले. चेन घसरत नाही. चढावर आता मी न कचरता उभी राहते. मुंग्या कमी झाल्या आहेत, गेलेल्या नाहीत. स्टेम आखूड केला तरी परतताना सातव्या किलोमीटरला सुरू होतात. म्हणजे तेलकट_हात म्हणाले तसं, फ्रेम माझ्यासाठी मोठीच आहे.

भावाला डायरी दाखवली. त्याने पानं उलटून बघितली आणि म्हणाला, मग माप बरोबर असलेली घे की.

तेव्हा नवी घेणार आहे, पण ती कार्बनच्या चिमट्याची नाही. स्टीलची फ्रेम, तेलाचे डिस्क ब्रेक, मागे कॅसेट, पुढे-मागे मडगार्डची भोकं. किंमत साडेतीन पट. राहिलेल्यातून यू आकाराचं जाड कुलूप आणि डायनॅमोचा दिवा. शनिवारी अर्धा तास चालवून बघायला देणार आहेत. मोजपट्टी आणि चुंबक दोन्ही बरोबर नेते आहे.

तेलकट_हात, दुकानात चाकाचा ताण बोटाने दाबून कळतो का? की नुसतं वाजवून बघू?

तेलकट_हात

वाजवून बघा. एका बाजूचे सगळे स्पोक नखाने छेडत जा, सूर साधारण सारखा लागला पाहिजे. उजव्या आणि डाव्या बाजूचा सूर वेगळा असणारच, त्याने घाबरू नका. एखादाच बद्द वाजला तर तिथल्या तिथे ताणून मागा. आणि पहिल्या १५० किलोमीटरनंतर एकदा आउट तपासून घ्या, नवे स्पोक बसताना थोडे सैल होतात.